बोदातलं तांबं: द्राक्षबागेच्या मातीतला सेंद्रिय कर्ब कामाला कसा लावायचा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली आमची एकवीस वर्षांची बाग काढली, तारा-अँगल उचलले, बोद (वेलींखालचे मातीचे उंच वरंबे) मोडून रान सपाट केलं आणि पहिल्याच रब्बीत मेथी टाकली. मेथी उगवली ती पट्ट्यापट्ट्यांनी. जिथं बोद होते तिथं पिवळट आणि बोटभर उंचीची, मधल्या गाळ्यात हिरवीगार. गच्चीवरून पाहिलं तर जुन्या बागेच्या ओळी जशाच्या तशा दिसायच्या. गंमत अशी की हे पट्टे रानाच्या वरच्या, मुरमाड टोकालाच होते. खालच्या काळ्या रानात मेथी सगळीकडं एकसारखी. वास्तविक एकच बाग, फवारणीचा एकच ब्लोअर आणि मोरचुदाची (तांब्याच्या सल्फेटची) एकच टाकी, म्हणजे तांबं दोन्हीकडं सारखंच पडलेलं होतं. माती तपासली तेव्हा वरच्या टोकाचा सेंद्रिय कर्ब खालच्याच्या निम्माही निघाला नाही.

वर्षानुवर्षांच्या फवाऱ्यातून बोदात साचलेलं तांबं मुळांना इजा करतं, आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या खता-पाचोळ्यातून मातीत उरलेला कर्ब, ते धरून ठेवतो. पुढं जे लिहिलंय ते त्या मेथीनं लावलेल्या नादातून. बाग चालू असली तरी उपयोगी आहे, काढायच्या बेतात असाल तर जास्तच.

आधी वही काढा

निर्यातीचा माल करणाऱ्यांकडं फवारणीची नोंद असतेच. त्यातून फक्त तांब्याच्या फवारण्या वेगळ्या काढा: बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), कॉपर ऑक्सिक्लोराइड, कॉपर हायड्रॉक्साइड. मोरचुदात वजनाच्या साधारण २५ टक्के शुद्ध तांबं असतं. अर्धा टक्क्याचा बोर्डो एकरी ३०० लिटर मारला की दीड किलो मोरचूद गेलं, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम तांबं. बाजारातल्या ५० टक्क्यांच्या कॉपर ऑक्सिक्लोराइडचं लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणं तेवढंच पाणी मारलं, तर जवळपास तितकंच. खरड (उन्हाळी) छाटणीनंतर एखादी, पावसाळ्यात डाऊनी आणि करपा या बुरशीच्या रोगांसाठी दोन, गोडी (फळासाठीच्या) छाटणीच्या आगेमागे दोन अशा पाच फवारण्या धरल्या तरी वर्षाला एकरी १.९ किलो तांबं झालं.

हे जास्त की कमी? युरोपियन युनियननं २०१९ पासून घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो आहे. एकराला वर्षाकाठी ती १.६ किलो पडते. आपण सहज तिच्यावर जातो.

आता मातीचा हिशेब. एक एकर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती ढोबळमानानं आठ लाख किलो भरते. त्यात वर्षाला १.९ किलो म्हणजे किलोमागे सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम, अहवालाच्या भाषेत अडीच पीपीएम. वीस वर्षांत पन्नासच्या आसपास. आणि हे तांबं रानभर सारखं पसरत नाही. पानावरून ठिबकणारं पाणी आणि गळलेलं पान वेलीखालीच पडतं, त्यामुळं बोदातला आकडा सरासरीच्या पुढं असतो. युरिया विरघळून निघून जातो, कीटकनाशकाचे तुकडे पडतात. तांबं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढं मांडलं. तिथल्या जुन्या बागांच्या मातीत तेव्हापासूनचं तांबं आजही सापडतं.

माती धरते म्हणजे नेमकं काय

ही जागा थोडी सावकाश वाचा, कारण पुढच्या सगळ्या कामांचं कारण इथं आहे.

शेणखत, पालापाचोळा, मुळं कुजत कुजत शेवटी जो काळपट, ओळख हरवलेला पदार्थ, म्हणजे ह्यूमस, उरतो, त्याच्या अंगावर दोन प्रकारच्या जागा असतात. एक व्हिनेगरमध्ये असते तशा आम्लाची, तिला कार्बोक्सिल म्हणतात. दुसरी फिनॉलची. माती आम्ल असेल तर या जागांवर हायड्रोजन चिकटलेला असतो. सामू (पीएच) वाढेल, म्हणजे आम्लता कमी होईल, तसा तो सुटतो, जागा रिकामी होते आणि तिच्यावर ऋण भार येतो. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम हे मातीच्या पाण्यात धन भाराचे कण म्हणून फिरतात. ते या जागांकडं ओढले जातात.

ओढले जाणं वेगळं आणि धरलं जाणं वेगळं. वेलीची बाळी (तणावा) तारेला नुसती टेकली असेल तर वाऱ्यानं सुटते, दोन-तीन वेढे पडले असतील तर काढताना कात्री लागते. तांब्याचंही तसंच आहे. चिकणमातीच्या पृष्ठभागावर ते बऱ्याचदा नुसतं टेकलेलं असतं. कॅल्शियम किंवा पोटॅश भरपूर आलं तर त्याची जागा घेऊ शकतं. ह्यूमसमध्ये मात्र एकाच कणाला दोन-तीन बाजूंनी पकड बसते. दुकानात 'चिलेटेड' म्हणून जे मायक्रोन्यूट्रिएंट मिळतं, त्यातला चिलेट हा शब्द हाच. मूळ ग्रीक अर्थ खेकड्याची नांगी. अशा जागाही ह्यूमसमध्ये दाट असतात. वजनाला वजन धरलं तर आपल्या काळ्या मातीतल्या चांगल्या चिकणमातीच्या दोन ते तीन पट.

सगळ्या धातूंवर पकड सारखी बसत नाही. तांबं आणि शिसं सर्वांत घट्ट. निकेल, जस्त, कॅडमियम सैल. मँगनीज आणखी सैल. पारा वेगळ्याच वाटेनं, सेंद्रिय पदार्थातल्या गंधकाला जाऊन बिलगतो. म्हणजे द्राक्षवाल्याचं नशीब तसं बरं: त्याच्या डोक्यावरचा धातू आणि ह्यूमसचा आवडता धातू एकच आहे.

मुळाला आणि गांडुळाला इजा करतो तो मोकळा कण. धरलेला बहुतांशी करत नाही. पण धरलेला म्हणजे गेलेला नव्हे. एकूण तांबं तेवढंच राहतं, फक्त मोकळं कमी होतं. 'आमचं औषध जड धातू नष्ट करतं' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

एक खोच आणखी. सेंद्रिय पदार्थाचा एक भाग पाण्यात विरघळणारा असतो. तोही तांबं धरतो, पण धरून जागेवर बसत नाही, पाण्याबरोबर चालू लागतो. मातीच्या पाण्यात जे तांबं विरघळलेलं सापडतं त्यातलं बहुतेक या फिरत्या भागाच्या पाठीवरच असतं. म्हणून कच्चं शेण, ताजी स्लरी, न कुजलेली कोंबडीविष्ठा यांनी तांबं बांधलं जाण्याऐवजी खालच्या थरात सरकू शकतं. खत कुजलेलं हवं हा आज्यांचा आग्रह फक्त हुमणी आणि तणाच्या बियांपुरता नाही.

नमुना: इथंच बहुतेकांचं चुकतं

तीन नमुने घ्या. एक बोदातून, ठिबकच्या थेंबापासून वीतभर बाजूला. दुसरा दोन ओळींच्या मधल्या गाळ्यातून. तिसरा बांधावरून किंवा पड रानातून, जिथं कधी फवारा पोचला नाही. तिसरा नमुना लोक टाळतात, 'तिथं काय आहे?' म्हणतात. खरं तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा, का ते पुढं येतं. रान हलकं-भारी मिसळ असेल तर दोन्ही टोकांचे नमुने वेगळे; एकत्र केले असते तर माझे पट्टे सरासरीत गडप झाले असते.

प्रत्येक नमुन्यासाठी आठ-दहा ठिकाणची माती, वरचा १५ सेंटिमीटरचा थर. जमल्यास त्याच खड्ड्यातून १५ ते ३० सेंटिमीटरचा वेगळा. वरचा पालापाचोळा बाजूला करा, पण खरवडून काळी माती काढू नका, तांबं तिथंच साचलेलं असतं. माती जस्ती घमेल्यात गोळा करू नका; पत्र्यावरचं जस्त नमुन्यात उतरतं आणि अहवालात जस्त भरपूर दिसतं. प्लॅस्टिकची बादली, लाकडी खुंटी किंवा स्टेनलेसचं खुरपं बरं. पितळेचं काही नको. तांब्याची फवारणी झाल्यावर किमान तीन-चार आठवडे थांबा. खरड छाटणीच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला रान कोरडं असतं तेव्हा मला सोयीचं पडतं. सावलीत वाळवा, चौथाई पद्धतीनं (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवा, कापडी पिशवीत भरून आत-बाहेर चिठ्ठी टाका.

प्रयोगशाळेत नुसतं 'माती तपासा' म्हणू नका, तेवढ्यावर नत्र-स्फुरद-पालाश हातात येतं. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि डीटीपीए या रसायनाच्या अर्कातलं तांबं, जस्त, लोह, मँगनीज असं लिहून द्या. बोद आणि बांध या दोन नमुन्यांचं एकूण तांबंही मागा. मला एका ठिकाणाहून आकड्यांच्या जागी 'जास्त' एवढाच शिक्का मारलेला कागद मिळाला होता. पैसे देण्याआधी आकडा मिळणार का ते विचारून घ्या.

अहवाल वाचताना

एकूण तांब्याचा आकडा पाहून घाबरू नका. आपली माती बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची लेक. त्या खडकातच किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असतं. त्यामुळं ज्या रानात मोरचुदाचा थेंब पडला नाही तिथंही एकूण तांबं भरभक्कम निघतं. सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याबाबत युरोपनं १९८६ मध्ये मातीतल्या तांब्याची मर्यादा किलोमागे ५० ते १४० मिलिग्रॅम ठेवली. ती इथं जशीच्या तशी लावली तर अर्धा जिल्हा दूषित ठरेल. खडकातलं तांबं खनिजाच्या आत अडकलेलं असतं, फवाऱ्यातलं मोकळं येतं. म्हणून बांधाचा नमुना. बोदातून बांध वजा करा, उरेल ते आपलं कर्तृत्व.

डीटीपीएचा आकडा पिकाला मिळू शकणाऱ्या तांब्याचा अंदाज देतो. ०.२ पीपीएमच्या खाली कमतरता. वरच्या बाजूला सगळ्या मातींना लागू पडेल अशी एकच धोक्याची रेघ नाही, म्हणून इथंही बांधाशी तुलना करा. बांधाच्या दुप्पट-तिप्पट असेल तर नुसती नोंद ठेवा. कित्येक पटींत असेल आणि कर्ब कमी असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

कर्बाचे वर्ग आपल्याकडं असे धरतात: ०.४० टक्क्यांपर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम, त्यापुढं बरा, १ च्या वर म्हणजे नशीबवान. सामू साडेसात ते साडेआठ आणि मुक्त चुना असेल, जसा निफाड-पिंपळगावच्या काळ्या रानात असतो, तर चुनाही तांबं धरायला हातभार लावतो. कर्ब थोडा कमी असला तरी चालून जातं. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भरपावसाच्या पट्ट्यातली धुपलेली, आम्लाकडं झुकणारी माती किंवा भर टाकून केलेलं मुरमाड रान असेल तर चुन्याची ती साथ नाही. तिथं सगळा भार ह्यूमसवर.

कागदापेक्षा स्वस्त तपासणी म्हणजे गांडुळं. श्रावण-भाद्रपदात वाफशावर फूट बाय फूट, फूटभर खोल खड्डा बोदात घ्या आणि एक बांधावर. दोन्हीकडची गांडुळं मोजा. तांब्याला ती फार हळवी असतात. बोदात खत आणि ओल असूनही बांधापेक्षा कमी निघाली तर अहवाल येण्याआधीच काहीतरी कळलं. मुळंही बघा: पांढरी बारीक मुळं कमी, आखूड-जाड बोटांसारखी जास्त, आणि वर शेंड्याला लोह कमी असल्यासारखा पिवळेपणा, हे तांबं जास्त झाल्याचं जुनं लक्षण आहे. चुनखडीनंही पिवळं पडतं, म्हणून एकट्या पानावर निकाल देऊ नका.

काय घालायचं, किती, कुठं

हिशेब निराश करणारा आहे, पण तो आधीच पाहिलेला बरा. आठ लाख किलो मातीत कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो टिकाऊ कर्ब हवा. दहा टन शेणखतात निम्मं पाणी. उरलेल्यात कर्ब टन-सव्वा टन. त्यातला मोठा वाटा दोन-तीन वर्षांत जिवाणू खाऊन हवेत सोडतात, टिकतो फार तर पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे ०.१ टक्क्यासाठी पंचवीसेक टन खत. कुणाला परवडतं?

पण तांबं रानभर नाहीच ना. ओळीतलं अंतर नऊ फूट आणि बोद तीन फूट धरला तर तांब्याचा मुख्य पट्टा एकतृतीयांश रानात आहे. तेच दहा टन फक्त बोदात दिलं तर तिथला कर्ब अंदाजे ०.१ नं वर येतो. गाळ्यात खत फेकणं बंद करा. खरड छाटणीच्या आधी बोदाच्या दोन्ही बाजूंना उथळ चर घ्या, कुजलेलं खत चार-सहा इंचांच्या थरात मातीशी मिसळा, वर बुजवा. मुळं तुटतील इतकं खोल जाऊ नका.

कुजलंय का, याची ग्लासातली चाचणी: एक भाग खत, दहा भाग पाणी, खळखळून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी काळ्या चहासारखं असेल तर विरघळणारा भाग अजून बराच आहे, खत महिना-दोन महिने आणखी पडू द्या. फिकट लिंबू सरबतासारखं असेल तर चाललं. सोबत बशीत त्या पाण्यावर हळीव उगवून बघा. साध्या पाण्यावरच्याइतकी उगवण झाली की खत तयार. ढीग आतून गरम लागत असेल तर खत कच्चंच आहे, या दोन्ही चाचण्या कराव्याच लागत नाहीत.

छाटणीच्या काड्या पेटवू नका. कुट्टी करून बोदावर अंथरा. कुट्टी सावकाश कुजते, एप्रिल-मेच्या उन्हात बोद झाकते, आणि झाकलेल्या मातीतला कर्ब लवकर जळत नाही. कुट्टी मातीत गाडली तर नत्र ओढून घेते, म्हणून वरच ठेवा. हवा कोंडून केलेला काड्यांचा कोळसा, म्हणजे बायोचार, तांबं चांगलं धरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण तो अल्कधर्मी असतो. काळ्या चुनखडीच्या रानात थोडा, मुरमाड रानात मोकळ्या हातानं. घालण्याआधी खताच्या ढिगात महिनाभर मुरवा. गाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी कापा आणि तो बोदावर टाका. जिथं वाढला तिथंच गाडला तर गाळ्याचा कर्ब वाढतो, बोदाचा नाही.

जे आणाल ते स्वतः स्वच्छ आहे का? कोंबडीखताला खाद्यातून आलेलं तांबं आणि जस्त असतं. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशानं मर्यादा घातल्या आहेत: तांबं ३००, शिसं १००, कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रति किलो, अशा. पिशवीवर विश्लेषण छापलेलं नसेल तर मी घेत नाही.

आणि ह्युमिक आम्ल. बाटलीतलं ह्युमिक तांबं धरतं हे खरं. पण १२ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आत ऐवज असतो, आणि ०.५ टक्के कर्बाच्या एका एकरात आधीच चार हजार किलो कर्ब पडलेला असतो. पांढरी मुळी चालवायला द्या हवं तर, तांब्यासाठी नको. शिवाय तो विरघळलेला प्रकार आहे, वर सांगितलेला चालता-फिरता.

पकड सोडवणाऱ्या सवयी

ठिबक साफ करायला आम्ल सोडतो, ते वर्षात एकदा-दोनदा ठीक. सामू उतरवायचा म्हणून हंगामभर बोदात आम्ल आणि गंधक देत राहिलं की हायड्रोजन पुन्हा त्या जागांवर येऊन बसतो आणि तांबं मोकळं होतं. काळ्या, चुन्याच्या रानात चुना ते सावरून घेतो; हलक्या रानात हे करूच नये. ईडीटीए या चिलेटमधलं जस्त किंवा लोह ठिबकनं देणंही जपून. ईडीटीएची तांब्यावरची पकड जस्तापेक्षा घट्ट आहे, म्हणून तांबं भरपूर असलेल्या मातीत तो जस्त सोडून तांबं उचलू शकतो. जस्त फवारून द्या. चुनखडीच्या रानात लोह द्यायचंच तर ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटच्या रूपातलं.

आणि आवक. कॅनोपी (वेलीचा पानांचा पसारा) मोकळी ठेवा, पावसाच्या अंदाजावर फवारा, सवयीवर नको. बोर्डो करताना लोखंडी विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघायची जुनी रीत पाळा: पात्यावर तांबूस थर आला म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. टाकी धुतलेलं पाणी रोज एकाच जागी ओतू नका. आमच्या टाकीशेजारी दोन हात जागेवर गवतसुद्धा येत नव्हतं. तिथं खत घालत बसलो नाही, फूटभर माती उकरून भाजीपाल्यापासून लांब, झाडांच्या कुंपणाखाली टाकली.

नाल्याकाठचं रान असेल तर

नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला किंवा शहराच्या खालच्या अंगाला सांडपाण्यावर भाजी करणाऱ्यांनी शिसं, कॅडमियम, निकेल आणि क्रोमियमही तपासून घ्यावं. शिशाला ह्यूमस आवरतो, कॅडमियमला अर्धवटच. पालक, माठ अशा पालेभाज्यांत कॅडमियम चटकन येतं, म्हणून तिथं पालेभाजीऐवजी फळभाजी किंवा, सगळ्यांत बरं, फुलं. सहा-संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक ऋण भाराचे, त्यांना या जागा धरत नाहीत. क्रोमियमला सेंद्रिय पदार्थ निरुपद्रवी रूपात बदलायला मदत करतो, आर्सेनिकला मात्र ओल्या, हवा कोंडलेल्या मातीत उलट मोकळं करू शकतो. अशा रानात दूषित पाणी थांबलं नसेल तर खताचा खर्च करूच नये.

पुन्हा तपासणी

दरवर्षी नको. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागांतून, त्याच प्रयोगशाळेत. डीटीपीएचा आकडा घसरला नाही म्हणून हिरमुसू नका. तो अर्क ह्यूमसनं धरलेलं काही तांबंही ओढून मोजतो. कर्ब चढला का, गांडुळं वाढली का, पांढरी मुळी दिसते का, हे आधी बघा.

वरच्या टोकाच्या पट्ट्यांवर मी तीन हंगाम खत, कुट्टी आणि ताग एवढंच दिलं. यंदा मेथी सलग आली. गच्चीवरून घरच्यांना आता काही दिसत नाही. मला अजून दोन ओळी ओळखू येतात, सकाळच्या तिरप्या उन्हात.